रेशमाचा धागा आणि जखम

गुडघा फुटल्यावर त्यावर पट्टी बांधणे सोपे असते. ती सोडवणेच जड जाते. जखमेतून पाझरलेला द्रव सुकतो, पट्टीचे धागे त्यात रुतून बसतात आणि ओढताच खालची नुकतीच धरू लागलेली कोवळी त्वचाही सोबत निघून येते. भरत आलेली जखम आपल्याच हातांनी पुन्हा उकलावी, तसा हा प्रकार! खरचटलेल्या मुलाचे दुःख घटकाभराचे. भाजलेल्या रोग्याला मात्र ते पट्टी बदलण्याच्या प्रत्येक वेळी सोसावे लागते.

जखम कोरडी राहिली म्हणजे लवकर भरते, असा समज पूर्वी रूढ होता. १९६२ साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांवर प्रयोग करून दाखवून दिले की, पातळ पापुद्र्याखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरते. तेव्हापासून ओल राखणारी अनेक आच्छादने निघाली. परंतु जे काढावेच लागणार नाही, शरीरात आपोआप जिरून जाईल, असे आच्छादन कशाचे करावे? या शोधात शास्त्रज्ञ रेशमाकडे वळले.

शस्त्रवैद्यांना रेशीम नवे नव्हते. टाके घालण्यासाठी ते फार पूर्वीपासून वापरीत. तुतीचा पाला खाऊन वाढलेला किडा आपल्या ग्रंथींतील रस तोंडावाटे ओढून त्याचा धागा करतो. एका कोशात असा सुमारे १००० मीटर लांबीचा अखंड धागा असतो. त्यात फायब्रॉइन या प्रथिनाचे दोन तंतू असून त्यांवर सेरिसिन नावाचा डिंकासारखा लेप असतो. हा लेप ठेवून वापरलेले रेशीम काही रोग्यांच्या शरीराला सोसत नसे. म्हणून कोश धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून तो काढून टाकतात. मग तंतू एका तीव्र क्षाराच्या द्रावणात विरघळवतात आणि तो क्षार गाळून वेगळा करतात. किड्याने रसाचा धागा केला. माणसाने धाग्याचा पुन्हा रस केला! हा रस पसरट भांड्यात वाळवला की काचेसारखा पारदर्शक पापुद्रा मिळतो. त्यातून खालची जखम वैद्याला दिसत राहते.

हा पापुद्रा जिरतो कसा? आपल्या शरीरातील काही विकरे प्रथिनांचे तुकडे करतात. कडबा विस्कटलेला असला तर गुरे तो चटकन फस्त करतात. घट्ट रचलेल्या गंजीतून मात्र काडीकाडी उपसावी लागते. फायब्रॉइनचे रेणूही असेच सैल किंवा घट्ट रचता येतात. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर पुष्कळ काम केले आहे. पापुद्र्यावर मद्यार्काचा किंवा पाण्याच्या वाफेचा संस्कार केला की रेणू घट्ट बसतात आणि पापुद्रा अधिक काळ टिकतो. किती संस्कार करावयाचा, हे जखम पाहून ठरवता येते.

रेशीम स्वतः जंतूंना मारीत नाही. त्यासाठी औषध आधीच रसात मिसळता येते, म्हणजे ते हळूहळू जखमेत उतरते. घरातील रेशमी चिंधी मात्र कोणी जखमेवर बांधू नये. ती ना निर्जंतुक असते, ना तिच्या रंगाचा भरवसा.