शब्द, स्वर आणि घुमट

आमच्या विभागातील बरेच विद्यार्थी वाचन करताना संथ, शब्दविरहित वाद्यसंगीत लावून बसतात. 'न्यू एज' या नावाने ते ओळखले जाते; ग्रॅमी पारितोषिकांत त्याचा स्वतंत्र वर्ग १९८७ साली प्रथम आला. त्याच्या पूर्वसूरींत पॉल हॉर्न या अमेरिकन बासरीवादकाच्या 'इनसाइड' या ध्वनिमुद्रिकेची गणना होते. एप्रिल १९६८ मध्ये, रात्रीच्या वेळी, ताजमहालाच्या घुमटाखाली त्याने ती एकट्याने वाजविली. तेथे स्वर अठ्ठावीस सेकंद रेंगाळतो, असे त्याने नमूद केले आहे.

अशा वास्तूत भाषण अशक्यप्राय होते. सामान्य बोलण्यात सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारली जातात. त्यांतील स्वर दीर्घ व बलवान, तर व्यंजने क्षणिक व दुर्बल असतात. मागील अक्षराचा स्वर विरण्यापूर्वीच पुढील व्यंजन उच्चारले जाते आणि त्या निनादाखाली ते झाकून जाते. शब्दाशब्दांतील भेद तर पुष्कळसा व्यंजनांवरच अवलंबून! हॉर्नने याच अडचणीचा उपयोग करून घेतला. तो एक स्वर फुंकतो, थांबतो, आणि रेंगाळणाऱ्या नादाशी जुळेल असाच पुढचा स्वर निवडतो. एका वेळी एकच स्वर देणारे वाद्य त्यामुळे स्वतःचीच साथ करू लागते. मुद्रिकेत एका पहारेकऱ्याचा आवाजही ऐकू येतो. तो दीर्घ स्वर लांबवितो, म्हणूनच तेथे टिकतो. व्याकरणातील व संगीतातील 'स्वर' यांना आपण एकच शब्द वापरतो, तो येथे किती सार्थ वाटतो!

संगीत ही विश्वाची भाषा होय, असे म्हणण्याची प्रथा आहे. मला ती मान्य नाही. येथे उलगडावयाचा वाक्यार्थच नसतो, आणि श्रोत्याला मिळणारा विसावा बहुधा त्यातूनच येतो.

वाचनाच्या वेळी मात्र हा विसावा सर्वस्वी निरुपद्रवी नाही. सालामे व बॅडली यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डोळ्यांपुढे क्रमाने दाखविलेले नऊ अंक लक्षात ठेवावयाचे होते. गायनाने स्मरणात अधिक व्यत्यय आला; परंतु शांततेच्या तुलनेत केवळ वाद्यसंगीतानेही तो आलाच. उलट बाजूही खरी आहे. मी 'इनसाइड' प्रथम ऐकली ती उत्तरपत्रिका तपासताना, आणि पहारेकऱ्याचा आवाज माझ्या कानांवरून तसाच निसटून गेला.