डिझेल सकाळी जाळा

स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचं छोटं बेट आहे. मुख्य भूमीवरून तिथं वीज येत नाही. २००८पर्यंत घरोघरी डिझेल जनरेटर धडधडत असत. त्या वर्षी बेटवासीयांनी स्वतःची यंत्रणा उभारली: जलविद्युत, पवनचक्क्या, सौरपॅनेल, लेड-ॲसिड बॅटऱ्यांची मोठी बँक आणि अडीअडचणीला दोन डिझेल जनरेटर. घराला ५ किलोवॉट, व्यवसायाला १० किलोवॉट, याहून जास्त वीज एका वेळी ओढायची नाही असा नियमच केला.

अशा बँकेत जनरेटरनं वीज भरताना पैसा वाया जातो तो शेवटच्या टप्प्यात.

समजा, ४८ व्होल्ट, १००० ॲम्पिअर-तासांची बँक निम्मी उतरली आहे. चार्जर १०० ॲम्पिअर देत असताना जनरेटरवर सुमारे साडेसहा किलोवॉट भार येतो. १० केव्हीएच्या यंत्राला तो छान मानवतो. तीनेक तासांत बँक ८० टक्क्यांपर्यंत पोचते. मग व्होल्टेज ५७-५८वर स्थिरावतं आणि करंट ओसरू लागतो: साठ, तीस, पंधरा. एसटीत शेवटचे प्रवासी कोंबायला वेळ लागतो, तसे हे उरलेले २० टक्के चार-पाच तास खातात. तोवर जनरेटर जवळजवळ रिकामा फिरतो, आणि रिकामं फिरतानाही तो पूर्ण भाराच्या साधारण पाव हिश्श्याइतकं डिझेल पितो. अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी इंजिनात साचते ती वेगळीच.

म्हणून जनरेटर पहाटे लावावा. रात्रभर उतरलेली बँक तेव्हा भरपूर करंट घेते. ८०-८५ टक्क्यांना तो बंद करावा आणि उरलेलं काम दिवसभराच्या उन्हावर सोपवावं. पाण्याचा पंप, वॉशिंग मशीनही जनरेटर चालू असतानाच चालवून घ्यावं. संध्याकाळी लावलेल्या जनरेटरला हा फायदा मिळत नाही.

मात्र बँक कायम अर्धवट भरलेली राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि क्षमता कायमची घटते. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा ती शंभर टक्के भरलीच पाहिजे. ऊन नसेल तर डिझेल जाळून. इथली काटकसर फार महागात पडते. खात्री हायड्रोमीटरनं, सेलागणिक करावी.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरचा पॉवर फॅक्टर बऱ्याचदा ०.७च्या आसपास असतो, म्हणजे जनरेटरची ताकद तिथंच अडकते. तेव्हा मोठा जनरेटर घेण्याआधी चार्जर बदलून पाहा.