समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना : काय विचारतात, किती दिवस लागतात?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मनाच्या आजाराचा विषय निघाला की आधी सैलानीचं नाव निघतं. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास यात्रा भरते. लांबलांबून लोक येतात, त्यात मनाने खचलेल्या माणसाला घेऊन आलेली घरंही असतात. कुणाच्या अकीदतीवर मला बोलायचं नाही. पण समुपदेशकाकडे जायची वेळ आली की हीच घरं बिचकतात, कारण तिथे नेमकं काय होतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

माझंही तसंच झालं. 2021 मध्ये कोरोनात भाईजान गेले. पुढे कित्येक महिने झोप नाही, फळ्याकडे तोंड केलं की रडू यायचं. घरात सगळे म्हणायचे, "सब्र करो." नमाज, तिलावत काही सुटलं नव्हतं, तरी छातीवरचा दगड हलत नव्हता. शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेले. तेव्हा जे मला माहीत असायला हवं होतं, ते इथे लिहिते.

कुणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक रोजच्या ताणातून, दुःखातून वाट काढायला मदत करतात. कुणाचंही शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका.

पहिल्या भेटीत काय होतं?

बरेचसे प्रश्नच. झोप कशी आहे, भूक लागते का, त्रास कधीपासून आहे, घरात कोण कोण आहे, आधी काही औषध चालू होतं का. "जीव द्यावासा वाटतो का?" हेही सरळ विचारतात. हा तुमच्या ईमानावर संशय नसतो. हा प्रश्न विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतही नाही. खरं उत्तर द्या. एखाद्या गोष्टीवर आज बोलायचं नसेल तर तसं सांगा, चालतं.

गावात कळलं तर?

सगळ्यांच्या मनात हीच भीती असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. आपल्या शब्दांत सांगायचं तर ती अमानत आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, अशा मोजक्या वेळीच ती इतरांना सांगता येते. हे नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

किती दिवस लागतात?

एक बैठक साधारण 45 ते 50 मिनिटांची, बहुतेकदा आठवड्यातून एकदा. काहींचं सहा-आठ बैठकांत भागतं, काहींना कित्येक महिने लागतात. मधल्या दिवसांत करायला छोटा गृहपाठही मिळतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं : सुरुवातीला जास्त जड वाटू शकतं. पहिल्या दिवशी मी एसटीत रडत घरी आले आणि ठरवलं, पुन्हा जायचं नाही. तरी गेले. तिसऱ्या भेटीत बाई म्हणाल्या, "भावाला सांगायचं राहिलेलं लिहून आणा." मी उर्दूत लिहिलं. त्यांना उर्दू येत नव्हतं, मग मीच वाचून दाखवलं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. दुःख संपलं नाही, पण वर्गात उभं राहता येऊ लागलं. म्हणून सांगते, पहिल्या भेटीवरून निकाल लावू नका, तीन-चार वेळा जाऊन पाहा.

मात्र तरीही सूर जुळला नाही तर समुपदेशक बदला, त्यात बेअदबी नाही. बाईच हवी, आपल्या भाषेत बोलणारी हवी, हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या नमाज-रोज्याची टिंगल करणारा किंवा "तुमचं ईमानच कच्चं" म्हणणारा, दोघांकडेही थांबू नका.

दुआ की दवा?

हजार वर्षांपूर्वी बल्खच्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं. रंज, भीती, राग यांवरचे उपाय त्यात आहेत. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात तर 'दवा आणि दुआ' असा उपक्रम चालला. जियारतीला आलेल्यांना तिथेच मानसोपचाराची सोय होती. म्हणजे दुआ सोडायची गरज नाही, दवा टाळायचीही नाही. औषध चालू असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून वेळा बदलून घ्या, मनाने बंद करू नका.

सुरुवात कुठून करायची?

जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. जाणं जमत नसेल तर टेली मानस, क्रमांक 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका. आत्ताच फोन लावा आणि घरातल्या एकाला तरी जवळ बसवून घ्या.

घरच्यांना एक विनंती. कुणी "मला जायचंय" म्हणालं, तर "लोक काय म्हणतील" हे विचारू नका. सोबत चला आणि बाहेरच्या बाकावर बसा. माझे शौहर दर वेळी बसायचे. आत काय बोललीस, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.