अंगावर काढलेले दुखणे
न्हावा शेवा येथील बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. त्याच वर्षी डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतील अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक विकार आढळला. पूर्वी तपासणी झाली होती अवघ्या ८ टक्क्यांची. बंदर वाढले, संकोच मात्र तसाच आहे.

मैथुनसमयीच्या वेदनेविषयी रुग्णा आमच्यापाशी सरळ बोलत नाहीत. ‘उष्णता झाली’, ‘अंगावरून पांढरे जाते’, ‘बाळंतपणातला टाका दुखतो’, ‘बाईच्या जातीला हे असायचेच’, असे त्या सांगतात. हे बोल हसण्यावारी नेऊ नयेत. सुश्रुताचार्यांनी परिप्लुता योनिव्यापदात हेच लक्षण सांगितले आहे. चरकाचार्य प्राक्चरणेचे कारण अतिबाल वयातील मैथुन मानतात. टाक्याचा व्रण, स्तन्यकालातील वा रजोनिवृत्तीनंतरची रूक्षता, जंतुसंसर्ग, मनातील भय, ही सर्व कारणे तपासावी लागतात.

म्हणून औषधालयचालकांनी ‘पांढऱ्यावरचे औषध’ म्हणून पुष्यानुग चूर्ण नुसतेच हाती ठेवू नये. वैद्यांनी एकांतात, आपणहून विचारावे. मैथुनोत्तर रक्तस्राव असल्यास गर्भाशयमुखाची तपासणी विनाविलंब करवावी. आपण विचारले नाही, तर ती दुखणे अंगावरच काढील.