नाव गेलं, खूण राहिली : 'इमेजेस अँड वर्ड्‌स' आणि चाहत्याचा शर्ट

आज आपण एका अल्बमबद्दल बोलणार आहोत आणि एका टी-शर्टबद्दलही. या दोन गोष्टी एकत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण साधं आहे. आमच्यातल्या कित्येकांनी शर्टावरची खूण आधी पाहिली आणि संगीत नंतर ऐकलं.

अल्बम आहे ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचा 'इमेजेस अँड वर्ड्‌स', जुलै 1992 मधला. त्यात गाणी आठच, पण वेळ जवळजवळ तासभर. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे काय, ते इथे नीट कळतं. आपल्याकडे रूपक सात मात्रांचा, झपताल दहा मात्रांचा. एकदा ठेका धरला की आवर्तन ठरलेलं असतं. इथे मात्र एकाच गाण्यात मात्रांची संख्या बदलत राहते, आणि वर गिटारचा मेटलचा भार असतोच. एवढं असूनही 'पुल मी अंडर' हे आठ मिनिटांचं गाणं, थोडं कापून का होईना, रेडिओवर आणि एमटीव्हीवर वाजलं. असं संगीतही लोक ऐकतात, हे पुढच्या अनेक बँड्‌सना त्यातून कळलं.

आता खुणेकडे येऊ. 1985 मध्ये बोस्टनच्या बर्कली कॉलेजात जॉन पेट्रुची, जॉन मायंग आणि माइक पोर्टनॉय या तीन विद्यार्थ्यांनी बँड काढला, त्याचं नाव 'मॅजेस्टी'. पुढे त्याच नावाच्या दुसऱ्या बँडने हक्क सांगितला, म्हणून नाव बदलावं लागलं. पण तोवर तेव्हाचे गायक चार्ली डॉमिनिची यांनी एक चिन्ह तयार केलं होतं. स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या राजचिन्हावरून बेतलेलं. 1989 च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर हीच खूण एका माणसाच्या छातीवर डागलेली दिसते. आणि गंमत बघा, आज चाहते तीच खूण शर्टावर, छातीवरच मिरवतात!

पहिल्या अल्बमनंतर डॉमिनिची गेले. बऱ्याच शोधानंतर 1991 मध्ये कॅनडाचे जेम्स लाब्री आले. पुढे कीबोर्डवादक बदलले, पोर्टनॉयसुद्धा 2010 मध्ये गेले आणि 2023 मध्ये परतले. म्हणजे नाव बदललं, माणसं बदलली, पण 'मॅजेस्टी'ची खूण टिकली.

पण चाहता म्हणजे निव्वळ गिऱ्हाईक, असं समजू नका. याच अल्बमसाठी 'अ चेंज ऑफ सीझन्स' नावाची लांबलचक रचना तयार होती. लांबीमुळे ती वगळावी लागली. चाहत्यांनी इंटरनेटवरून सह्या गोळा करून मागणी लावून धरली आणि 1995 मध्ये ती रचना, सुमारे तेवीस मिनिटांची, प्रसिद्ध झाली. तसंच 'मेट्रोपोलिस'चं. त्या गाण्याच्या नावात 'भाग पहिला' हे शब्द गंमत म्हणून घातले होते. चाहते मात्र 'दुसरा भाग कुठे?' म्हणून विचारत राहिले. अखेर 1999 मध्ये दुसरा भाग आला, तोही अख्खा अल्बम होऊन.

आता पैशांचं बोलू. रेकॉर्ड कंपनी कलाकाराला आगाऊ रक्कम देते. ती वसूल होईपर्यंत विक्रीतला वाटा त्याच्या हाती सहसा पडत नाही. शर्टांचा हिशोब बहुधा वेगळा असतो. छपाईचा खर्च, सभागृहाचा वाटा वजा जाता उरलेलं तुलनेने लवकर बँडकडे पोचतं. आता गाणी तर जवळजवळ फुकटच ऐकायला मिळतात. त्यामुळे दौऱ्यावरच्या बँडला शर्टाचा आधार मोठा.

फूटपाथवरच्या नकली शर्टाचा प्रश्न इथेच येतो. खूण तीच, कापडही बरं, पण बँडला त्यातला छदामही मिळत नाही. तरी तो घालणाऱ्याला आम्ही हसणार नाही. आमच्यातल्या काहींची सुरुवात तशाच शर्टाने झाली. फक्त एवढंच सांगू, की तो शर्ट अंगावर असेल तर एकदा घरी बसून तो तासभराचा अल्बम सलग ऐका. आणि पुढचा शर्ट घ्याल, तो शक्यतो बँडकडूनच घ्या.