कयाकमधून हॅलिबट : गळाला लागला म्हणजे हाती आला नव्हे

गोवा-कारवारकडच्या बाजारातला लेपो सगळ्यांच्या ओळखीचा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हॅलिबटही तसाच चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला. पण आकाराने कुठच्या कुठे. कॅलिफोर्नियाचा हॅलिबट पाच फुटांपर्यंत वाढतो. अलास्काकडचा पॅसिफिक हॅलिबट तर आठ फूट आणि दोनशे किलोच्याही पुढे जाऊ शकतो. तो धरायला निघालेला माणूस मात्र जेमतेम अडीच-तीन फूट रुंद कयाकमध्ये बसलेला असतो!

आमिष तळाशीच हवे

हा मासा वाळूत अंग लपवून भक्ष्याची वाट बघत पडून राहतो. त्यामुळे आमिष तळापासून फार वर गेले की मेहनत वाया. कयाक भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर सावकाश वाहू द्यायचे आणि शिसे तळाला टेकते आहे ना, हे दोरीवरून जोखत राहायचे. वाऱ्याने वेग वाढला तर पाण्यात छत्रीसारखी कापडी पिशवी सोडतात. तिच्या ओढीने कयाक मंदावते.

आमिष म्हणून जिवंत छोटा मासा उत्तम. एक गळ त्याच्या तोंडाशी, दुसरा शेपटीकडे लावतात. कारण हॅलिबट अनेकदा मागूनच चावा घेतो. पहिल्या टोचणीला हिसका देऊ नये. दोरीवर वजन जाणवले की मगच रॉड उचलावा.

खरा धोका नंतर

कयाकजवळ येताच हॅलिबट पुन्हा जोरात तळाकडे पळतो. दोरी सुटायला मोकळी नसेल तर ती तुटते, नाहीतर तोल जातो. लहान मासा डोक्याकडून जाळीत घ्यावा. शेपटीकडून जाळी लावली की तो पुढे निसटलाच म्हणून समजा.

मोठा मासा जिवंतपणी आत घेऊच नये. त्याच्या शेपटीच्या तडाख्याने माणूस जखमी होऊ शकतो, कयाक उलटू शकते. जाणकार त्याला तरंगत्या बोयाला बांधलेला भाला मारतात, पाण्यातच रक्त वाहू देतात आणि तो पुरता थंडावल्यावरच बांधतात. भाल्याची दोरी अंगाला कधीच गुंडाळू नये.

कॅलिफोर्नियात 22 इंचांपेक्षा लहान हॅलिबट ठेवता येत नाही, तो लगेच सोडावा लागतो. म्हणून मोजपट्टी जवळ हवी. अलास्काच्या गार पाण्यात पडल्यास हातपाय काही मिनिटांत बधिर होतात. तिथे लाइफ जॅकेट, पाणी आत न येणारा पोशाख आणि वायरलेस लागतोच. शिवाय हाताशी एक सुरी ठेवावी. मासा आवाक्याबाहेरचा वाटला, तर दोरी सरळ कापून टाकावी.