उपचाराच्या वेळीं उसळणारी गांठ

२०१८ च्या मार्च महिन्यांत सुप्रसिद्ध नट इरफान खान यांनीं आपणांस 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' झाल्याचें जाहीर केलें, तेव्हां हें लांबलचक नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं प्रथमच ऐकलें असेल. संप्रेरकें निर्माण करणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या या गांठी आंतडीं, स्वादुपिंड किंवा फुप्फुस यांत आढळतात. १९०७ सालीं ओबर्नडॉर्फर या जर्मन वैद्यानें आंतड्यांतील अशा गांठींस 'कार्सिनॉइड', म्हणजे कर्करोगासारखी, असें नांव दिलें. त्या बहुधा सावकाश वाढतात. परंतु त्यांचा सौम्यपणा फसवा आहे.

कारण कांहीं गांठी सिरोटोनिनसारखीं द्रव्यें रक्तांत सोडतात. चेहरा एकाएकीं लाल होतो, जुलाब लागतात, धाप लागते. घरांतील पन्नाशीच्या बाईस हें झालें, तर तें वयाचें म्हणून सोडून देण्यांत येतें!

खरें संकट पुढेंच असतें. भूल देतांना, शस्त्रक्रियेंत गांठीस हात लागतांना, क्वचित् तपासणीसाठीं सुईनें तिचा कण काढतांनाहि, हीं द्रव्यें एकदम रक्तांत उसळतात. रक्तदाब झरझर उतरतो, कधीं उलट चढतो, श्वासनलिका आवळतात. यासच 'कार्सिनॉइड क्रायसिस' म्हणतात. अशा वेळीं ॲड्रिनॅलिन दिल्यास गांठ अधिकच चेतते, म्हणून ऑक्ट्रिओटाइड हें औषध सिद्ध ठेवावें, असें ग्रंथ सांगत आले. अलीकडे कांहीं शल्यवैद्यांनीं या दोन्ही मतांविषयीं शंका घेतली आहे. तो वाद तज्ज्ञांनीं मिटवावा. भूल देणारास गांठीची आगाऊ माहिती हवी, याविषयीं मात्र दुमत नाहीं.

परळ येथें या रोगावर ल्युटेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचीहि चिकित्सा होते. तींतहि असा उद्रेक होऊं शकतो. प्रमाण अल्प, आणि बहुधा पहिल्या मात्रेनंतर दिवसभराच्या आंत. ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील रोगी उपचार आटोपून लोकलनें घरीं परततो. पुढें कधीं मध्यरात्रीं त्रास झाला, तर घरचीं माणसें त्याला जवळच्याच दवाखान्यांत नेणार, आणि तेथील डॉक्टरांस यांतलें कांहींच ठाऊक नसणार. याकरितां गांठीचें नांव, ती द्रव्यें सोडते कीं नाहीं, चालूं असलेलीं औषधें व उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनिक्रमांक एका कागदावर लिहून तो रोग्याच्या खिशांत ठेवावा. दांत काढावयाचा असला तरीहि तो दाखवावा. दंतवैद्याच्या बधिर करण्याच्या औषधांत पुष्कळदां ॲड्रिनॅलिन मिसळलेलें असतें.